देणगीची अट आणि विद्येची वाट

वकिलीच्या व्यवसायात जुनी दानपत्रे वाचण्याचा प्रसंग आम्हांस वारंवार येतो. कोणा पूर्वजाने कुलदेवतेच्या नंदादीपासाठी शेत दिलेले असते, कोणी पालखीच्या खर्चासाठी नारळाची बाग लावून दिलेली असते, कोणी पाठशाळेस वर्षासन बांधून दिलेले असते. दात्याचे नाव, जमिनीच्या चतुःसीमा आणि दानाचा हेतू यांच्यानंतर बहुधा एक लहानसे वाक्य येते, आणि आता आम्ही कागद हाती येताच प्रथम तेच वाक्य शोधू लागलो आहोत. ते वाक्य अटीचे. देवळात पुढे पिढ्यान्‌पिढ्या काय चालणार, उत्सवात मान कोणाचा, हिशेब कोणी कोणापुढे वाचावयाचा, हे त्या एका वाक्याने ठरून जाते. दाता जातो, पुजारी बदलतात, राज्येही बदलतात. अट मात्र मागे राहते.

विद्येसाठी दिलेल्या द्रव्याची गोष्ट याहून निराळी नाही. विद्वान निःस्पृह असतो असे आपण मानतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु निःस्पृह विद्वानासही प्रवास करावा लागतो, दुभाष्या ठेवावा लागतो, ग्रंथ छापावा लागतो; आणि या सर्वांचा खर्च कोणीतरी देतो. देणाऱ्याच्या अटी ज्ञानात काय यावे हे क्वचितच ठरवितात. त्या ठरवितात त्या दोन गोष्टी: विद्वानाने कोणाच्या शेजारी बसून काम करावयाचे, आणि जे सापडले ते कोणास सांगावयाचे. हा सिद्धान्त मोठ्या प्रयोगशाळांच्या इतिहासावरूनही मांडता येईल. आम्ही मात्र तो आपल्या शेजारच्या, मराठीला लागून असलेल्या एका मुलखाच्या इतिहासावरून मांडणार आहोत. तो मुलूख म्हणजे आदिलाबाद.

आदिलाबाद आज तेलंगण राज्यात आहे. उत्तरेस पैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी, आणि मध्ये सागवानाच्या जंगलाने झाकलेले डोंगर. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमराम भीम आसिफाबाद. या लेखात आदिलाबाद म्हणताना आम्ही तो जुना, अखंड जिल्हा मनात धरला आहे. येथे राजगोंड, कोलाम, प्रधान आणि इतर जमाती राहतात. बाजारात तेलुगू, मराठी व गोंडी या तिन्ही भाषा एकाच तागडीत तोलल्या जातात.

या मुलखात विद्येला द्रव्य देण्याची पहिली पद्धत सरकारची नव्हे, गोंडांची स्वतःची. गोंड कुळांच्या उत्पत्तीच्या, देवांच्या आणि वीरांच्या दीर्घ कथा आहेत. चार, पाच, सहा आणि सात भावांची अशी कुळांची विभागणी आहे, आणि प्रत्येक कुळाचा मोठा देव म्हणजे पेर्सा पेन. या कथा मुखोद्गत ठेवण्याचे व किंगरीच्या साथीवर गाण्याचे काम प्रधानांचे. प्रधान हा गोंड यजमानाचा वंशपरंपरागत भाट. यजमान त्याला धान्य, वस्त्र, गुरेढोरे देतो आणि त्याच्या मोबदल्यात प्रधान कुळाची स्मृती राखतो. आपल्या वाचकांस हे नाते परके वाटणार नाही. कुलदैवत, उपाध्याय आणि वर्षासन यांचा हाच संसार आहे. आणि एक गोष्ट ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. आदिलाबादच्या या प्रधानांची घरची बोली मराठी आहे. घरात मराठी बोलणारा हा गायक देवापुढे उभा राहिला की गोंडीत गातो, कारण ज्याने धान्य दिले त्याला कळावे ही त्या दानाची न लिहिलेली अट आहे. कथा भर मेळाव्यात म्हटली जाते. चुकले तर बाजूला बसलेला म्हातारा तेथेच टोकतो. विद्या ज्याच्याकडून आली त्यालाच ती दरवर्षी परत ऐकविली जाते.

या व्यवस्थेला मर्यादाही होती. ज्या कुळाचा प्रधान त्या कुळाची कथा. सर्व कुळांच्या कथा एकत्र मांडून तुलना करण्याचे काम तीत कोणाचेच नव्हते. ते काम बाहेरच्या माणसाने येऊन केले, आणि तो ज्या परिस्थितीत आला ती परिस्थितीच आमच्या विषयाचा गाभा आहे.

१९४० साली आसिफाबादच्या डोंगरांत कुमराम भीम या गोंड पुढाऱ्याने निजामाच्या अंमलदारांविरुद्ध उठाव केला. जंगलखात्याने राखीव केलेली जमीन, काढून घेतलेली शेते, सावकारांचा फास ही त्याची कारणे. जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात भीम मारला गेला. उठाव शमला, परंतु हैदराबादच्या मुलकी खात्याला प्रश्न पडला की हे लोक कोण, आणि ते शस्त्र का उचलतात. त्याच सुमारास हैदराबाद संस्थानात एक मानववंशशास्त्रज्ञ काम करीत होता. त्याचे नाव क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ. १९०९ साली व्हिएन्नात जन्मलेल्या या ऑस्ट्रियन विद्वानास रॉकफेलर प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळाली होती. तिच्यामुळे तो लंडनला मालिनोव्स्की यांच्या सुप्रसिद्ध अभ्यासमंडळात बसला आणि १९३६ साली नागा टेकड्यांत पोहोचला. त्या काळी अमेरिकेतील एका धनिकाच्या प्रतिष्ठानाचा पैसा लंडनमार्गे तरुण अभ्यासकांस जगभर धाडीत असे. आणि लंडनच्या त्या एका खोलीत बसणे हे त्या पैशाबरोबर येई. निरनिराळ्या देशांचे अभ्यासक एकमेकांस भेटले, एकाच पद्धतीने लिहू लागले, त्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा होता.

१९३९ साली हायमेंडॉर्फ पुन्हा हिंदुस्थानात आला आणि महायुद्ध सुरू झाले. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केलेला असल्यामुळे त्याच्या हाती जर्मन पारपत्र होते, आणि त्यामुळे कायद्याने तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. छावणीत डांबले जाण्याऐवजी निजामाच्या राज्यात राहून काम करण्याची मुभा त्याला मिळाली, ती ब्रिटिश अधिकाऱ्यांतील स्नेह्यांच्या शब्दामुळे. व्हिएन्नाच्या गुरुबंधूंशी संबंध तुटला, नागा टेकड्या दुरावल्या. उरला तो हैदराबाद संस्थानाचा मुलूख, निजाम सरकारचा आश्रय, आणि सोबतीला पत्नी बेट्टी. आधी चेंचू, मग गोदावरीकाठचे रेड्डी, आणि १९४१ पासून आदिलाबादचे राजगोंड अशी त्याची वाटचाल झाली. मार्लवाई या लहानशा गोंड खेड्यात त्याने घर केले.

या आश्रयाची अट कोणती होती? तिचे स्वरूप त्या काळच्या छापील कागदांवरून स्पष्ट दिसते. १९४५ साली त्याचे जे चार अहवाल एकत्र प्रसिद्ध झाले ते निजाम सरकारच्या मुलकी खात्यानेच छापले. अहवाल इंग्रजीत, वाचक मुलकी अधिकारी, आणि विषय जमीन, कर्ज, जंगल, शाळा. जो पैसा देतो त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे हा साधा व्यवहार आहे, आणि त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. किंबहुना त्या अहवालांचे फळ चांगले निघाले. त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत आदिलाबादच्या आदिवासींना दीड लाख एकरांहून अधिक जमिनीचे पट्टे मिळाले. १३५६ फसलीचा, म्हणजे १९४६ चा, आदिवासी क्षेत्र कायदा आणि त्याच्या जागी आलेला १३५९ फसलीचा, म्हणजे १९४९ चा कायदा हे त्याच प्रयत्नांतून निघाले. देणाऱ्याचा हेतू बंडाळी थोपविण्याचा होता. घेणाऱ्याने त्या हेतूचा उपयोग करून गोंडांस जमीन मिळवून दिली. दानाचा हेतू हलका असूनही फळ गोड निघाल्याची उदाहरणे देवस्थानांच्या इतिहासातही थोडी नाहीत.

परंतु अटीने आपले काम केलेच. निजामाचा पैसा निजामाच्या सीमेपर्यंत. गोंडांची सोयरीक मात्र वर्धा आणि पैनगंगा ओलांडून चांदा व यवतमाळपर्यंत पसरलेली. नदीच्या त्या काठावर मध्यप्रांत सरकारची चौकशी स्वतंत्र चालली होती. तिचे अधिकारी डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन, बस्तरच्या माडिया गोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झालेला. त्यांचा मध्यप्रांत-वऱ्हाडातील आदिवासी प्रश्नावरील अहवाल १९४४ साली नागपुरास निघाला. तोपर्यंत स्वतः ग्रिगसन हैदराबादेस मुलकी खात्याचे प्रमुख होऊन आले होते आणि हायमेंडॉर्फच्या पाठीशी उभे होते. माणूस नदी ओलांडून आला, परंतु दोन काठांचे अहवाल दोन सरकारांच्या दोन कपाटांत राहिले. एकाच वऱ्हाडातील नवऱ्यामुलाकडची मंडळी एका अहवालात आणि नवरीकडची दुसऱ्यात, असा तो प्रकार होता.

अहवालांपेक्षा विस्तृत असे जे शास्त्रीय ग्रंथ त्याने लिहिले ते लंडनच्या मॅकमिलन कंपनीने छापले. चेंचूंवरील ग्रंथ १९४३ चा, रेड्डींवरील १९४५ चा, आणि राजगोंडांवरील १९४८ चा. या शेवटच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘भाग पहिला : दैवतकथा आणि विधी’ अशा अर्थाचे शब्द आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि पूर्वीचा आश्रयदाता उरला नाही. पुढे ग्रंथकार लंडन विद्यापीठात गेला, आणि १९५३ नंतर त्याचे मुख्य क्षेत्र नेपाळ झाले. गोंडांच्या समाजरचनेचे विवरण करणारा पुढचा ग्रंथ निघाला तो १९७९ साली, म्हणजे एकतीस वर्षांनी. या विलंबाचे सारे खापर पैशाच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. माणसाचे आयुष्य अनेक कारणांनी वळणे घेते. तथापि ज्या गोंड वृद्धांनी १९४२ साली आपल्या कुळाची हकीकत सांगितली, त्यांतील कितीजण एकतीस वर्षांनी ती वाचली जात असताना ऐकावयास उरले असतील, याचा विचार वाचकांनी करावा.

मग त्या काळात विद्या गोंडांकडे परत गेलीच नाही काय? गेली, आणि ती ज्या दाराने गेली ते ध्यानात घेण्याजोगे आहे. १९४३ साली मार्लवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. तेथे गोंडीतील पहिली क्रमिक पुस्तके तयार झाली आणि ती देवनागरीत छापली गेली. शेजारची मराठी आणि गोंडी यांच्यात मुलाला सहज ये-जा करता यावी, हा देवनागरी घेण्याचा एक फायदा होता. आपलीच भाषा कागदावर पाहून त्या मुलांना काय वाटले असेल, याची कल्पना ज्यांनी कोंकणी प्रथम छापील पाहिली त्यांना करता येईल. ध्यानात घ्यावयाचे ते असे, की हे काम संशोधनाच्या खात्यावर झाले नाही, ते शिक्षणाच्या खात्यावर झाले. संशोधनाच्या द्रव्याला अहवालाची अट होती. शिक्षणाच्या द्रव्याला मुलाला समजले पाहिजे ही अट होती. माणूस तोच, खेडे तेच, भाषा तीच. खाते बदलताच विद्येची वाट बदलली.

याच काळात एक मराठी माणूस या क्षेत्रात उतरला. सेतुमाधवराव पगडी यांचे नाव आपल्याकडे इतिहासकार म्हणून घरोघर माहीत आहे. १९१० साली निलंग्यात जन्मलेले पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते, आणि त्या सेवेनेच त्यांना आदिलाबादच्या गोंडांत नेले. ते गोंडी शिकले. आदिलाबादच्या गोंडांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४९ साली मुंबईस निघाले. कोलामी भाषेचे व्याकरण १९५० साली आणि गोंडीचे व्याकरण १९५४ साली हैदराबादेस निघाले. त्यांच्यामागे ना विद्यापीठ होते ना परदेशी शिष्यवृत्ती. सरकारी पगार आणि फिरतीचे तंबू एवढ्या भांडवलावर हे झाले. आणि त्या लहान पुस्तकांचा प्रवास पाहावा. ऑक्सफर्डचे टी. बरो आणि कॅलिफोर्नियाचे मरे एमेनो यांनी द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश १९६१ साली प्रसिद्ध केला. त्यात गोंडी आणि कोलामी शब्दांचे आधार म्हणून ज्या ग्रंथांची नावे आहेत त्यांत निलंग्याच्या या अधिकाऱ्याची दोन्ही व्याकरणे आहेत. आसिफाबादच्या जंगलातील कोलामाच्या तोंडचा शब्द पगडींच्या वहीतून ऑक्सफर्डच्या कोशात गेला. शास्त्रातले सहकार्य म्हणतात ते हेच. परस्परांस न भेटलेली माणसेही ते करू शकतात, जर लिहिलेले सर्वांस खुले असेल तर.

आता १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस. भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. किनवट आणि राजुरा हे मराठी तालुके मुंबई राज्यात आले. राजुरा प्रथम नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात गेला. मराठी माणसाने या रचनेचा आनंद मानला आणि तो यथार्थ होता. परंतु गोंडाला भाषावार प्रांत मिळाला नाही. त्याची घरे आंध्र, मुंबई आणि मध्यप्रदेश या तीन राज्यांत विखुरली, आणि प्रत्येक राज्याचा शिक्षणाचा पैसा त्या राज्याच्या भाषेसाठी होता. आदिलाबादच्या शाळांत तेलुगूचा अंमल सुरू झाला. मार्लवाईची देवनागरीतील गोंडी पुस्तके मागे पडली. कोणी ती बंद करण्याचा दुष्ट बेत केला असे आम्ही म्हणत नाही. जमाखर्चाच्या वहीत त्यांच्यासाठी रकाना उरला नाही, एवढेच. विद्या मरते ती पुष्कळदा शत्रूच्या हातून नव्हे, रकान्याच्या अभावी मरते.

राज्याचा पैसा असा सीमेवर थांबत असता केंद्राचा पैसा सीमा ओलांडून जाऊ शके. १९४५ साली स्थापन झालेल्या भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचे सुधिभूषण भट्टाचार्य आणि ऑक्सफर्डचे बरो यांनी मिळून गोंडीच्या निरनिराळ्या प्रांतांतील बोलींचा तुलनात्मक शब्दसंग्रह केला आणि तो १९६० साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. नदीच्या दोन्ही काठांवरचे शब्द प्रथमच एका पानावर शेजारी बसले. जे काम दोन सरकारांच्या दोन कपाटांत विभागले गेले होते, ते अट रुंद होताच एकत्र आले.

अलिखित भाषांचा असा शास्त्रीय अभ्यास करणारी माणसे भारतात तयार कोठे झाली, हे सांगितल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. आणि त्यासाठी आम्हांस क्षणभर पुण्यास जावे लागेल. डेक्कन कॉलेज ही सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने उभी राहिलेली संस्था. १९३४ साली काटकसरीच्या नावाखाली सरकारने ती बंद केली. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले. देणगी शिक्षणासाठी घेतली असता सरकार हे विश्वस्त आहे, मालक नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी ती संस्था पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडली. दानपत्रातील अट जिवंत असते आणि ती विद्येचे रक्षण करू शकते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. याच संस्थेत पुढे डॉ. सुमित्र मंगेश कत्रे संचालक झाले. कोंकणीच्या घडणीवरील त्यांचा ग्रंथ आपल्या वाचकांस परिचित आहे. १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने त्यांनी भाषाशास्त्राचे वर्ग चालविले. अमेरिकन अध्यापक आले, निरनिराळ्या प्रांतांचे तरुण एका मांडवात बसले, आणि भाषेचा अभ्यास बोलणाऱ्याच्या तोंडून टिपून करावा ही दीक्षा घेऊन परत गेले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने डेक्कन कॉलेज आणि अण्णामलै विद्यापीठ यांना भाषाशास्त्राची प्रगत केंद्रे म्हणून उचलून धरले. आदिलाबादच्या गोंडीचे पी. एस. सुब्रह्मण्यम् यांनी केलेले वर्णनात्मक व्याकरण १९६८ साली अण्णामलैनेच छापले.

येथवरच्या कथेत लोकांना एकत्र आणणाऱ्या अटी आम्ही पाहिल्या आणि वेगळे करणाऱ्याही. परंतु हे व्याकरण, तो कोश, ते अहवाल यांतील एकही वस्तू मार्लवाईच्या गोंडाला वाचता येईल अशा भाषेत नव्हती. देणारा निजाम असो, रॉकफेलर असो की अनुदान आयोग असो; ‘ज्याच्याकडून घेतले त्याला परत ऐकवावे’ ही प्रधानाच्या दानातील अट पुढील एकाही दानपत्रात उतरली नाही.

या उणिवेची किंमत काय पडली ते गुंजाळा या गावाने दाखविले. नारनूर मंडलातील हे गोंड गाव मार्लवाईपासून फार दूर नव्हे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हैदराबाद विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांपुढे तेथील कुटुंबांनी जपून ठेवलेल्या हस्तलिखित पोथ्या आल्या. त्या गोंडीत होत्या, आणि गोंडीच्याच एका स्वतंत्र लिपीत होत्या. ती लिपी वाचणारे मोजके वृद्ध तेवढे उरले होते. गोंडीला स्वतःची लिपी नाही असे गृहीत धरून अर्धशतकाहून अधिक काळ शास्त्र चालले, आणि लिपी तेथेच, पेटीत होती. मुलकी खात्याने जमिनीविषयी विचारले, भाषाशास्त्राने ध्वनीविषयी विचारले. पेटीत काय आहे हे विचारण्यासाठी कोणाचेच अनुदान नव्हते. सुदैवाने पुढचे काम नेटाने झाले. २०१८ साली संगणकाच्या जागतिक लिपिसंचात, म्हणजे युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत, ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने ती दाखल झाली.

आता आजच्या कायद्याविषयी थोडे लिहिणे आमचे कर्तव्य आहे. परदेशी देणगी नियमन कायदा प्रथम १९७६ साली झाला, नवा २०१० साली आला, आणि २०२० साली त्यात मोठा बदल झाला. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेने ती दुसऱ्या कोणत्याही संस्थेस देऊ नये. ती प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका ठराविक शाखेतील खात्यातच घ्यावी. आणि व्यवस्थापनाचा खर्च पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी २० टक्क्यांच्या आत ठेवावा, असे त्यातील मुख्य नियम आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बदल मुख्यतः वैध ठरविले. परदेशी पैसा कोठून कोठे जातो हे राज्यसंस्थेला कळले पाहिजे, हा त्यामागील हेतू आम्हांस मान्य आहे. देवस्थानाच्या पैशाचा माग ज्यांनी न्यायालयात काढला आहे ते या हेतूला हसणार नाहीत. परंतु परिणामही पाहावा लागतो. शहरातील संस्थेला परदेशी देणगी मिळाली तर आसिफाबादच्या डोंगरातील शिक्षकांच्या लहान मंडळाला त्यातील वाटा देऊन सहकारी करून घेण्याची वाट बंद झाली आहे. त्या मंडळाने स्वतः नोंदणी करावी, दिल्लीत खाते उघडावे, हिशेबनीस ठेवावा. एखाद्या शब्दसंग्रहासाठी हा खटाटोप कोण करणार? परिणाम असा की शहरातील विद्वान पुन्हा एकटाच डोंगरात जाईल, टिपणे घेईल आणि परत येईल; गोंड पुन्हा माहिती देणारा राहील, सहकारी होणार नाही. नियम पैशाच्या हिशेबासाठी केला. त्याने माणसांची बैठक बदलली.

तरी आमचा मुद्दा असा नव्हे की अटी नसाव्यात. अट नसलेले दान बहुधा बलवानाच्या घरी जाते, हे आम्ही न्यायालयात पुरेसे पाहिले आहे. आमचा मुद्दा एवढाच की एक अट कमी पडते आहे. कायद्याला ती अट सर्वस्वी अपरिचित आहे असेही नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने असे तत्त्व मान्य केले आहे की जेथील वनस्पती आणि वनस्पतिज्ञान घेतले तेथील लोकांस लाभाचा न्याय्य वाटा मिळावा. जंगलातील मुळीबद्दल जे तत्त्व आपण स्वीकारले ते जंगलातील शब्दाबद्दल, कथेबद्दल, छायाचित्राबद्दल अद्याप स्वीकारलेले नाही. हायमेंडॉर्फने काढलेली गोंडांची छायाचित्रे आणि चित्रफिती लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत उत्तम रीतीने जतन झाल्या आहेत, याबद्दल आपण त्या संस्थेचे ऋणी असावे. तथापि ज्यांच्या आजोबांचे ते चेहरे आहेत त्यांच्या हाती ती चित्रे, त्यांच्या भाषेतील नावांसह, पोहोचविणे हे कोणाच्या खात्यावर लिहिलेले आहे?

म्हणून आमची सूचना साधी आहे. सरकार, विद्यापीठ वा खासगी न्यास, जो कोणी एखाद्या जमातीच्या भाषेच्या, आरोग्याच्या, शेतीच्या किंवा इतिहासाच्या अभ्यासाला पैसा देतो, त्याने दानपत्रात एक कलम घालावे: कामाचा निष्कर्ष ज्या गावात काम झाले त्या गावात, तेथील भाषेत, सभेत वाचून दाखवावा, आणि त्यासाठी लागणारा खर्च मूळ रकमेत धरावा. आपल्या समाजातील न्यासही विद्यावेतने आणि संशोधनास देणग्या देतात. आपण आरंभ केल्यास दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार आपल्याला येईल.

अशा सभेसाठी आदिलाबादेत नवी जागा शोधावयास नको. इंद्रवेल्ली मंडलात केसलापूर हे गाव आहे. तेथे मेस्राम कुळाचा नागोबा नांदतो. पौष अमावास्येच्या यात्रेसाठी मेस्राम मंडळी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, देवाला स्नान घालतात आणि कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घडवितात. २०२२ साली या कुळाने आपल्या वर्गणीतून देवाचे नवे दगडी मंदिर पुरे केले. देणारे आणि घेणारे एकच, म्हणून त्या दानाला कोणाची परकी अट नव्हती. याच यात्रेत चाळीसच्या दशकात हायमेंडॉर्फच्या प्रेरणेने एक दरबार सुरू झाला, आणि तो अजूनही भरतो. अधिकारी बसतात, गोंड उभा राहून आपली तक्रार सांगतो. बेट्टी हायमेंडॉर्फ १९८७ साली वारली. तिचे दफन मार्लवाईतच झाले, आणि तेथील लोक तिची व तिच्या पतीची आठवण ठेवतात. अहवालांमुळे नव्हे, ते तर त्यांतील फार थोड्यांनी पाहिले असतील. शाळेमुळे, पट्ट्यांमुळे आणि या दरबारामुळे ठेवतात.

त्या दरबारात अधिकाऱ्यांच्या शेजारी एक जागा विद्वानांसाठी ठेवावी. वर्षभरात ज्यांनी त्या डोंगरांत येऊन काही विचारले, मोजले, टिपले त्यांनी तेथे उभे राहून काय सापडले ते गोंडीत सांगावे. चुकले तर प्रधान टोकतील, म्हातारे हसतील, आणि शास्त्राचे त्यात काही बिघडणार नाही. आपल्या देवळांत वर्षअखेरीस महाजनांपुढे हिशेब वाचला जातो, तो देवाला पैशाची काळजी असते म्हणून नव्हे. ज्यांच्या नावाने दान गोळा झाले त्यांच्यापुढे तोंड दाखविता यावे म्हणून वाचला जातो.